सोनपेठेत चार्निया कसा शोधावा: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

चार्निया हा समुद्राच्या तळाशी राहणारा जीव. साधारण 57 ते 55 कोटी वर्षांपूर्वी तो होता, आता फक्त दगडावरचा ठसा म्हणून उरलाय. सोनपेठ हे परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. इथे कापूस होतो, सोयाबीन होतं, ऊस होतो. समुद्र होत नाही. एवढं कळूनही ज्याला पुढे वाचावंसं वाटतं तो खरा नवशिका, आणि हे मार्गदर्शन त्याच्यासाठीच आहे. जाणकारांनी घरी जावं.

सुरुवात ओळखीपासून करू. चार्निया दिसायला पिसासारखा. पहिला नमुना वीतभर आहे, पण बोटाच्या पेरापासून दोन फुटांपर्यंत सगळ्या मापांचे सापडलेत. खाली एक गोल चकती असायची, तिनं तो तळाच्या गाळाला धरून राहायचा. वर उभं पर्ण, ते पाण्याच्या ओढीबरोबर डुलायचं. रंग माहीत नाही, त्यामुळे हिरवं काही शोधत हिंडू नये.

नवशिका पहिल्यांदा फसतो तो इथेच. तो म्हणतो, हे तर पान! पानाला मधोमध शीर असते, देठापासून टोकापर्यंत सलग. चार्नियाला ती नाही. डावीकडे एक फांदी, मग उजवीकडे एक, पुन्हा डावीकडे, अशा एकाआड एक फुटत गेल्यानं मधली रेघ नागमोडी होते. एखादी फांदी भिंगाखाली धरली की तिच्यावर तशाच छोट्या फांद्या दिसतात आणि त्या छोट्यांवर आणखी बारीक. एकच नक्षी, मापं वेगळी. शिवाय तो राहायचा इतक्या खोल पाण्यात की तिथे ऊन पोचत नव्हतं. पान होऊन करणार काय? त्याला तोंड नव्हतं, पोट नव्हतं, डोळे नव्हते, जागचं हलता येत नव्हतं. पाण्यात जे विरघळलेलं किंवा तरंगणारं मिळेल त्यावर भागवायचं. एवढ्या कमी सामानात त्यानं दीड-दोन कोटी वर्षं संसार केला. तो नेमका कोणाच्या घराण्यातला यावर बरीच भांडणं झाली. कोणी शेवाळ म्हणालं, कोणी वेगळीच जात म्हणालं. 2021 मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रान्सेस डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या फांद्या कोणत्या क्रमानं वाढतात हे तपासून तो प्राण्यांच्याच वंशावळीत बसतो असं मांडलं. तेव्हा शोधताना निदान ‘तो प्राणी’ म्हणावं.

आता साहित्य. हातोडी घेऊ नये. एक तर चांगला जीवाश्म नवशिक्याच्या हातोडीनं हमखास फुटतो. दुसरं म्हणजे मराठवाड्यात भरदुपारी परक्याच्या शेतात हातोडी घेऊन खाली मान घालून फिरणाऱ्या माणसाबद्दल एकच समज होतो, तो म्हणजे गुप्तधनाचा. मग पुढचं मार्गदर्शन पोलीस पाटील करतात. घड्याळजी डोळ्याला लावतात ते भिंग घ्यावं, एक बॅटरी, पाण्याची बाटली, जुना दात घासायचा ब्रश आणि एक रुपयाचं नाणं. नाणं कशाला ते पुढे येईल.

याशिवाय एक उत्तर तयार ठेवावं, कारण प्रश्न येणारच.

“काय हुडकायलात सर?”

“दगड बघायलोय मामा.”

“न्या की मग. नांगराला आडवे यायलेत. किती नेता?”

इथे गप्प बसणं शहाणपणाचं. पण नवशिक्याला ते जमत नाही. तो छप्पन्न कोटी वर्षं, समुद्राचा तळ, पिसासारखा प्राणी असं सगळं सांगून मोकळा होतो. मामा नीट ऐकून घेतात आणि विचारतात, “म्हंजी रझाकाराच्या आधी?” हो म्हणावं. ते चुकीचं नाही.

वेळ पहाटेची किंवा दिवस मावळायच्या आधीची. ठसा उथळ असतो, केसाएवढ्या उंच-सखलपणानं तयार झालेला. ऊन डोक्यावर असताना तो दिसतच नाही. ऊन तिरपं झालं की बारीक सावल्या पडतात आणि तेव्हा नक्षी उठून येते. इंग्लंडातल्या लेस्टरशायरमध्ये, जिथे चार्निया पहिल्यांदा सापडला, तिथले अभ्यासकही तिरप्या उजेडाचीच वाट बघतात. तिथे ऊन मिळायची मारामार. आपल्याकडे त्याची ददात नाही. या एका बाबतीत सोनपेठ लेस्टरशायरच्या पुढे आहे.

प्रत्यक्ष शोधाची जागा म्हणजे नव्यानं खोदलेली विहीर. विहिरीच्या काठावर जो मलबा टाकलेला असतो त्यात जमिनीचा सगळा हिशेब पालथा पडलेला असतो: वरची काळी माती खाली, तिच्यावर मुरूम, त्यावर मांजऱ्या दगड आणि सगळ्यात वर, शेवटी निघालेला, काळा पाषाण. यातला प्रत्येक थर नीट बघावा. काळा पाषाण फोडलेला असेल तर आतल्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी स्फटिक सापडतात. ते घरी न्यावेत, पोरं खूश होतात. चार्निया मात्र सापडणार नाही. मलब्याचा ढीग संपेपर्यंत बघितलं तरी नाही. का नाही ते समजून घेतलं तर निम्मं शिक्षण झालं.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा. आज उरलाय तोच साधारण पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. चार्निया संपून त्याआधीच जवळजवळ 48 कोटी वर्षं झाली होती. म्हणजे हा दगड त्या मानानं कालचा, आणि तो आला तेव्हा हजार-अकराशे अंशांनी रसरसलेला. त्याच्या वाटेत जे आलं त्याची राखच झाली. दोन लाव्ह्यांच्या मधे जिथे तळी साचली तिथे गोगलगायींचे शंख, ताडाची लाकडं असं काही मिळतं. नागपूरजवळच्या टाकळीत स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तसं बरंच गोळा केलं. पण तो माल गोड्या पाण्यातला.

इथे हुशार नवशिका हात वर करतो. ज्वालामुखीच्या दगडात जीवाश्म नसतो, असंच ना? नाही. लेस्टरशायरमधल्या चार्नवुडचा दगडही ज्वालामुखीचाच आहे. फरक एवढाच की तिथली राख समुद्रात पडली. पाण्यातून हळूहळू खाली बसली, तळावर उभे असलेले चार्निया आडवे झाले, त्यांच्यावर गाळ बसला आणि ठसा राहिला. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मिस्टेकन पॉइंट नावाची जागा आहे, 2016 पासून जागतिक वारसा. तिथे तर राखेनं समुद्राचे अख्खे तळ जसेच्या तसे झाकून ठेवलेत. ज्वालामुखी वाईट नसतो. आपल्याला नेमका जमिनीवर वाहणारा मिळाला.

मग बेसाल्टच्या खाली काय आहे? हा प्रश्न बोअर मारणाऱ्याला विचारू नये, तो फुटाचा दर सांगतो. उत्तर किल्लारीला मिळतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तिथे भूकंपानं जे केलं ते मराठवाड्यात कोणाला सांगायची गरज नाही. त्यानंतर जमिनीच्या पोटात काय आहे हे बघायला तिथे 617 मीटर खोल छिद्र पाडलं गेलं. 338 मीटरपर्यंत, म्हणजे अकराशे फूट, बेसाल्टच. त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचे थर. आणि त्याखाली एकदम जुना, अब्जावधी वर्षांचा ग्रॅनाइटाच्या जातीचा पाया. चार्नियाच्या काळाचा दगड मधे कुठेच नाही. त्या काळात इथे गाळ साचलाच नसेल, किंवा साचून पुन्हा धुऊन गेला असेल. सोनपेठेखाली जाडी थोडी कमी-जास्त भरेल, पण अकराशे फूट खणून चार्निया भेटेल अशी आशा कोणी धरू नये. एवढ्या खाली पाणी लागलं तरी नशीब.

सापडणार नाही हे कळल्यावर काय होतं? सापडायला लागतो. हा या छंदाचा सगळ्यात मजेदार भाग आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पहिल्यांदा दिसते ती काळी नक्षी. दगड भेगेवर दुभंगला की आत नेच्याच्या पानासारखं, झाडासारखं चित्र निघतं, शाईनं काढावं तसं. हृदयाचा ठोका चुकतो. हे मँगनीज आणि लोहाचं काम. भेगेतून झिरपणाऱ्या पाण्यातून त्यांचे ऑक्साइड बसत जातात आणि बसताना त्यांना फांद्या फुटतात. यात जीव कधीच नव्हता. ओळखायचं कसं? नखानं चाचपून बघावं: ही नक्षी सपाट असते, तिला उंच-सखलपणा नसतो. ती कडेकडून सुरू होऊन मन मानेल तिकडे फुटत जाते. चार्नियाचं डावं-उजवं शिस्तीचं. नदीच्या गोट्यांत जे शेवाळी अकीक मिळतात त्यांच्या आतली हिरवी-काळी झुडपंही अशीच निर्जीव.

मग मुरमावर मुळांचे माग दिसतात. मग कोणी तरी कामठीकडच्या कोळशाच्या थरातलं ग्लॉसोप्टेरिसचं पान आणून दाखवतो. तो खरा जीवाश्म, आणि सुंदर. पण ते जमिनीवरच्या झाडाचं पान आहे, मधली शीर ठसठशीत, आणि चार्नियापेक्षा पंचवीस-तीस कोटी वर्षांनी धाकटं. त्याला चहा पाजून पाठवावं.

नवशिक्यानं या सगळ्यात लाज वाटून घेऊ नये, कारण भीमबेटका. भोपाळजवळच्या या शैलगृहांचा शोध उज्जैनच्या वि. श्री. वाकणकरांनी 1957 च्या सुमारास लावला. आपल्या मराठी माणसानं आगगाडीच्या खिडकीतून डोंगर बघितला आणि वाट वाकडी करून तिथे गेला. तिथल्या चित्रांमुळे 2003 मध्ये ती जागा जागतिक वारसा झाली. पुढे मार्च 2020 मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठाचे ग्रेगरी रिटॅलॅक आणि काही भूवैज्ञानिक तिथे फिरायला गेले. सगळे पर्यटक जिथून आत शिरतात त्याच सभागृह-गुहेत, डोक्याच्या बऱ्याच वर, छतालगत त्यांना एक लांबट, शिरा-शिरांचा ठसा दिसला. डिकिन्सोनिया! हा चार्नियाचा समकालीन, चपटा, रेघा-रेघांचा जीव. 2018 मध्ये रशियातल्या नमुन्यांवर कोलेस्टेरॉलचे अंश मिळाल्यानं तो प्राणी होता हे पक्कं झालंय. भारतातला पहिला डिकिन्सोनिया म्हणून निबंध छापून आला, वर्तमानपत्रांत फोटो आले, वाळुकाश्माचं वय 55 कोटींच्या आसपास ठरून गेलं.

मग फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि सहकारी तिथे गेले. ठसा दगडाला सोडून सोलपटत होता. पंचावन्न कोटी वर्षं टिकलेल्या वस्तूनं दोन-तीन वर्षांत सोलपटणं बरं दिसत नाही. जवळून बघितलं तर आत मेणाच्या घरांची जाळी. ते आग्या मोहोळ होतं, पडून गेलेल्या पोळ्याची खूण. शेजारी चालू मोहोळंही लटकत होती. 2023 मध्ये हे छापून आलं आणि रिटॅलॅक यांनी आपली चूक मान्य केली. ज्या माणसानं आयुष्य जुन्या दगडांत घालवलं त्यालाही मधमाशीनं चकवलं, तर मुरमावरचं मूळ बघून तुमच्या काळजाचा ठोका चुकला तर बिघडलं काय? वाईट एवढंच वाटतं की आग्या मोहोळ ओळखणारा एकही मध काढणारा माणूस त्या वेळी त्यांच्या सोबत नव्हता. आमच्याकडच्या कोणत्याही शेतगड्यानं खालूनच सांगितलं असतं, “सर, तिकडं बोट दाखवू नका, उठतील.”

‘नाही’ म्हणणारेही मात्र सांभाळून. 1956 मध्ये टीना नेगस नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला चार्नवुडच्या एका जुन्या खाणीत दगडावर पिसाचा ठसा दिसला. तिनं शाळेत भूगोलाच्या बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या की त्या खडकांत जीवाश्म नसतात. पुस्तकात तसंच होतं. एवढ्या जुन्या खडकांत मोठे जीव असूच शकत नाहीत अशी तेव्हा खात्री होती. डेव्हिड ॲटनबरो लेस्टरमध्येच वाढले, लहानपणी जीवाश्म गोळा करत हिंडायचे, पण चार्नवुडमध्ये शोधायला गेले नाहीत, याच कारणानं. पुढच्या वर्षी, 1957 मध्ये, रॉजर मेसन हा दुसरा पंधरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर तिथे कडे चढायला गेला, त्याला तोच ठसा दिसला, त्यानं वडिलांना सांगितलं, वडिलांनी लेस्टर विद्यापीठातल्या ट्रेव्हर फोर्ड यांना नेऊन दाखवलं. 1958 मध्ये फोर्ड यांनी नाव दिलं चार्निया मेसनी. मुलाचं नाव लागलं, मुलीचं राहिलं; तिचा मान तिला पुष्कळ उशिरा मिळाला. (त्या 1956 च्या नोव्हेंबरात आपला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात चालला होता. इकडे जिल्हे हलत होते आणि तिकडे पृथ्वीचा इतिहास.)

टीना आणि भूगोलाच्या बाई या दोघींपैकी बाई चुकल्या, आणि बाईंकडे पुस्तक होतं. म्हणून सोनपेठेत चार्निया नाही हे मी वर सांगितलं ते मी सांगितलं म्हणून मानू नये, किल्लारीचा दगड सांगतो म्हणून मानावं.

काही सापडलंय असं वाटलंच तर जाहीर करण्याची घाई नको. आधी बाजूला नाणं ठेवून फोटो काढावा, म्हणजे माप कळतं. नाणं नसेल तर बघणाऱ्याला ते वीतभर आहे की बैलगाडीएवढं ते समजत नाही. दगड होता तिथेच ठेवावा. गावच्या ग्रुपवर फोटो टाकू नये. टाकला तर दुपारपर्यंत बातमी होते, संध्याकाळी दगडाला हळदकुंकू लागतं, आणि दुसऱ्या दिवशी शेंदूर. शेंदूर लागलेला दगड तपासायला कोणताही भूवैज्ञानिक मागत नाही, आणि मागूही नये.

इथवर आलेल्या नवशिक्याला काहीच द्यायचं नाही असं नाही. घरी जावं. जुनं घर असेल तर उत्तम, न्हाणीघर किंवा ओसरी अजून टाइल्सपासून वाचलेली असावी. खाली शहाबादी फरशी असेल. ती कलबुर्गी जिल्ह्यातून येते, भीमेच्या खोऱ्यातल्या चुनखडकाच्या खाणींतून. हा चुनखडक म्हणजे एका उथळ समुद्राच्या तळाचा चिखल, थरावर थर बसून घट्ट झालेला. म्हणूनच तो पापुद्र्यांनी सुटतो आणि फरशी करवतीशिवायही निघते. बहुतेक अभ्यासक हा समुद्र चार्नियाच्याही आधीचा मानतात. त्याच खोऱ्यातल्या शेल नावाच्या पातळ थरांच्या खडकात च्युआरिया मिळाला आहे: काही मिलिमीटरांच्या काळ्या, गोल, कार्बनच्या टिकल्या, त्या समुद्रात तरंगणाऱ्या कुठल्या तरी साध्या जीवाच्या. पीस नाही, पण समुद्र खरा आहे.

रात्री दिवा बंद करून मोबाइलची बॅटरी फरशीला टेकवून आडवी धरावी. जिथे दिवसा गुळगुळीत राखाडी दगड दिसतो तिथे पापुद्र्यांच्या कडा उठतात, एकाखाली एक, नकाशावरच्या रेषांसारख्या वळत गेलेल्या. कुठे खळगा, कुठे बोटभर लांब उंचवटा, मधूनच चुन्याची पांढरी शीर दगडाला आरपार कापत गेलेली. छिन्नीचे घाव वेगळे कळतात, ते सरळ आणि उथळ असतात. पाट्याजवळची पिवळी झाक हळदीची आहे, ती नोंदवू नये. काळं झुडूप दिसलं तर वर सांगितलेलं मँगनीज आठवावं आणि आधी ओल्या फडक्यानं पुसून बघावं. पुसलं गेलं तर ती कारळाची चटणी होती. घरचे काय म्हणतील त्याकडे लक्ष देऊ नये. फरशी मात्र उखडू नये, भाड्याचं घर असेल तर मुळीच नाही.

ज्याला खुद्द चार्नियाच बघायचा आहे त्याच्यासाठी शेवटची सूचना. पहिला नमुना लेस्टरच्या न्यू वॉक संग्रहालयात आहे, आत जायला पैसे पडत नाहीत. लेस्टर भारतीयांनी भरलेलं गाव आहे. कोणाचा ना कोणाचा भाचा, पुतण्या तिथे निघतोच. त्याला सुट्टीच्या दिवशी पाठवावं आणि फोटो मागवावा. नाणं ठेवायला सांगितलं तर तो म्हणेल, “मामा, काचेच्या आत आहे, हात लावू देत नाहीत.” काचेवर ठेव म्हणावं.